मोंघीला त्याच दिवशी सांगावे

हे लिहायचे मी सहा आठवडे टाळले. आषाढी बीजेला जमातीच्या पटेलांनी सगळ्या खलाशांना चौकात बसवून सांगितले की गेल्या साली 'सलामती' गलबत बुडाले, अकरा माणसे गेली, आणि त्यांच्या मागे भाऊ-भावजया, सासरे-सुना एकमेकांच्या उरावर बसले. तेव्हा यंदा नारळी पौर्णिमेआधी मृत्युपत्र दिल्याशिवाय एकही माणूस गलबतावर चढणार नाही. मी मान डोलावली. घरी कोरा कागद आणला, त्यावर मोंघीने कोंबडी काढली. दुसरा आणला, त्यावर मीच तळलेले बोंबील निथळत ठेवले. तिसरा हा. आज त्रयोदशी आहे आणि पौर्णिमा परवावर आली आहे, म्हणजे आता टाळायलाही वेळ उरलेला नाही.

तर मी, वालजी शिवजी खारवा, वय एकोणतीस, धंदा 'दरियाराणी' गलबतावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी, राहणार मांडवी, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, पोटात फक्त चहा आहे आणि मला कोणी धरून बसवलेले नाही. पटेलांनी बसवले आहे, पण ती जबरदस्ती सगळ्यांवर सारखी असल्याने ती मोजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सातवीनंतर एका बैठकीत मी काहीच लिहिलेले नाही, त्यामुळे मधे मधे उठेन, ते अक्षरावरून कळेल.

कचेरीबाहेरच्या अर्जवाल्याने एक छापील नमुना दिला आहे. त्यात स्थावर आणि जंगम असे दोन रकाने आहेत. मी त्याला विचारले, स्थावर म्हणजे काय? म्हणाला, जे जागचे हलत नाही ते. माझ्याकडे तसे एक घर आहे. बाकी सगळे माझ्यासकट जंगमच. तेरा वर्षांचा असताना मी घरातून पळालो. कंडल्याला ट्रकवर क्लीनर, सुरतेला हिऱ्यांच्या कारखान्यात, राजकोटला चहाच्या टपरीवर, मधे दोन महिने एका तंबूच्या सिनेमावाल्याबरोबर. कुठेच वर्ष काढले नाही. गलबतावर दहा वर्षे टिकलो, कारण गलबतावरून पळून जाता येत नाही. हे इथे लिहायचे नव्हते. पण खोडले तर अर्जवाला म्हणतो प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही लागते, म्हणून राहू दे.

कलम पहिले, घर. खारवा गल्लीतले एक खोली, ओसरी आणि मागे हौद असलेले घर माझ्या बापाचे होते, ते माझ्याकडे आले, आणि माझ्यानंतर ते माझी मुलगी मोंघी हिचे. शाळेत तिचे नाव मनाली लावले आहे. दोन्ही नावे लिहितो, उद्या कोणी म्हणायला नको की ती मोंघी वेगळी आणि ही वेगळी. वय सहा. जन्मतारीख नगरपालिकेत दहा एप्रिल आहे, तिची आजी नऊ म्हणते. मला विचारू नये, मी येमेनात मुकल्ल्याला होतो. आमच्या गल्लीत कोणत्याच बापाला पोराचा जन्मदिवस ठाऊक नसतो. आम्ही आषाढात घरी असतो, पोरे चैत्रात होतात आणि चैत्रात आम्ही परमुलुखात. म्हणून आषाढी बीजेला गल्लीतल्या सगळ्या पोरांचा वाढदिवस एकदम करतात. मोठ्या कढईतला शिरा माझ्याकडे असतो. यंदा सव्वीस पोरे होती, आणि प्रत्येक बाप आपल्या पोराला हळूच विचारत होता, "कितवं लागलं रे तुला?"

घराचे छप्पर पश्चिमेकडून गळते. ते मी दर पावसाळ्यात दुरुस्त करीन म्हणतो. ज्याला हे कागद वाचून घर सांभाळायचे आहे त्याने आधी तिकडे पातेले ठेवावे.

मोंघी तीन वर्षांची होईपर्यंत दर पावसाळ्यात पहिले आठ दिवस मला 'ते पाहुणे' म्हणायची. आईच्या पदरामागून विचारायची, "ते पाहुणे कधी जाणार?" माझी बायको कंकू म्हणायची, "पौर्णिमेनंतर." मग हिला हायसे वाटायचे. आणि दर वर्षी नेमके पौर्णिमेपर्यंत आमचे जमायचे, इतके की मी निघताना ती माझ्या बिछान्याच्या वळकटीवर बसून राहायची. पुढच्या ज्येष्ठात पुन्हा पाहुणा. हे काम थकवणारे आहे. चौदा माणसांचे भात-मासे त्यापेक्षा सोपे.

कलम दुसरे, स्वयंपाकाची हत्यारे. मोठा कलथा, दोन डाव आणि मसाल्याचा डबा 'दरियाराणी'वर माझ्या जागी येईल त्या भंडाऱ्याला द्यावा. त्याच्यासाठी एक सूचना. जुसब नाखवा रोज जेवताना "मीठ कमी" म्हणतो. दहा वर्षांत एकदाही चुकला नाही. मीठ कमीच असते. त्याला रक्तदाब आहे, ते त्याच्या बायकोने मला सांगितले आहे, आणि मी सांगितल्याप्रमाणे करतो हे त्याला माहीत नाही. पुढच्याने हे चालू ठेवावे आणि शिव्या खाव्यात.

सुरी मोंघीला दहा वर्षांची होईपर्यंत देऊ नये. बाकी ती कशालाही हात लावू शकते. मला चौदा जणांचाच स्वयंपाक येतो, हा माझ्या धंद्याचा रोग आहे. कंकू गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात दोघांची खिचडी करायला बसलो, ती आठ घरी वाटावी लागली. कमी घातली तर मीठ चुकते, पाणी चुकते, हातच चुकतो. मोंघीनेच तोड काढली. तेलाचा डबा पालथा घालून त्यावर उभी होती. म्हणाली, "बापा, तू मनात चौदा जण धर. आणि मग बारा जण जेवून आलेत असं समज." तेव्हापासून जमते. सकाळी ती बाजरीचे पीठ मळते, मी थापतो. एक रोटला तिचा असतो, तो एका बाजूला निमुळता होतो. आम्ही त्याचे सुकाणू कुठे ते ठरवतो आणि मग लसणाच्या चटणीबरोबर सुकाणूकडून खायला सुरुवात करतो.

कलम तिसरे, काडेपेट्या. मी बंदराबंदरातून काडेपेट्या आणतो. शारजा, बर्बेरा, मोम्बासा, जिथे गलबत लागेल तिथून. दोनशेबारा आहेत, पत्र्याच्या पेटीत. उंट, सिंह, खजुराची झाडे, एकीवर शिवणयंत्र. पाऊस जोरात असला की आम्ही त्या ओसरीवर मांडतो आणि मोंघी त्यांची लग्ने लावते. उंटाचे शिवणयंत्राशी झाले आहे. सगळ्या तिलाच. एक मोराची पेटी तिने मला न विचारता आजीकडे नेऊन लपवली आहे. ती चोरी धरू नये.

कलम चौथे, लहान गलबते आणि सुतारकामाची हत्यारे. रुक्मावतीच्या काठावर गलबते बांधतात तिथून मी आणि मोंघी सागाच्या ढलप्या वेचून आणतो आणि दुपारी मागच्या अंगणात त्यांची हातभर लांबीची गलबते करतो. मी तासतो, ती घासते आणि रंगवते. मग हौदात घालतो. आजवर चार झाली. चारांपैकी तीन एका कुशीवर कलंडतात. वाकस आणि दोन पटाश्या शेजारच्या माधवजी मिस्त्रीला द्याव्यात. मुळात त्याच्याच आहेत, "उद्या देतो" म्हणून पाच वर्षांपूर्वी आणल्या. त्याच्यावर माझा एक राग आहे तोही इथे लिहितो, कारण मृत्युपत्रात खोटे चालत नाही म्हणतात. चौथे गलबत हौदात घातले तेव्हा हा भिंतीवरून डोकावला.

"वाला, हे गलबत की परात?"

"तरंगतंय ना?"

"परातही तरंगते."

त्यावर मोंघी म्हणाली, "मिस्त्रीदादा, तुमचं नदीवरचं गलबत माझ्या जन्माआधीपासून काठावरच आहे. आमची चार पाण्यात गेली." माधवजी इतका हसला की त्याला कवळी काढून हातात धरावी लागली. त्या दिवशी मला वाटले होते की मी या पोरीचा बाप होऊ शकलो आहे. तिला मी आता पाहुणा वाटत नाही. ती माझ्यापासून काही लपवत नाही.

इथून पुढे खरे मृत्युपत्र आहे.

गेल्या मंगळवारी इतके उकडत होते की कुत्री गटारात बसली होती, आणि मोंघी लांब बाह्यांचा लोकरी झगा घालून घरात फिरत होती. मी म्हणालो, काढ. म्हणाली, थंडी वाजते. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. रात्री झोपल्यावर बाही वर केली. मनगटापासून वर चार बोटे कातडी भाजलेली, फोड फुटलेला, आणि त्यावर तिने स्वतःच टूथपेस्ट फासलेली. चार दिवसांचे जुने.

सकाळी विचारले.

"तव्यानं," म्हणाली. "तुझ्यासाठी वाटेचे रोटले करत होते. तू मिस्त्रीदादाकडे होतास."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू जाणार आहेस ना."

"मग?"

"जाणाऱ्याला वाईट सांगायचं नसतं. दर्या ऐकतो."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," म्हणाली. मीच वेडा असल्यासारखे माझ्याकडे पाहिले. "सगळ्यांना माहीत असतं."

हे खरे आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत असते. पाण्यावर असलेल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. मुलगी झाली, म्हैस व्याली, भावाला नोकरी लागली, हे बंदरात फोन करून कळवतात. मरण, आजार, आग, भांडण कळवत नाहीत. हादरलेला माणूस शिडावरून पडतो, सुकाणू चुकवतो आणि बाकीच्या तेरा जणांना घेऊन बुडतो, असा हिशोब आहे. जुन्या लोकांनी केला असेल, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. जुसब नाखव्याचे तर म्हणणे आहे की याच रिवाजाने आपण सगळे जिवंत आहोत.

पण माझे काय झाले ते लिहितो, म्हणजे पुढच्या कलमाचा अर्थ लागेल.

अडीच वर्षांपूर्वी माघ वद्य तृतीयेला माझी बायको कंकू वारली. तेव्हा मी बोसासो बंदराच्या वाटेवर होतो. त्यानंतर मी ज्येष्ठापर्यंत पाच वेळा घरी फोन केला. कंकूचा फोन लागेना म्हणून सासूबाईंच्या फोनवर. त्यांचे नाव पुरबाई, गल्लीत सगळे पुरमा म्हणतात, मीही म्हणत असे. पहिल्यांदा पुरमा म्हणाली, "तिचा फोन हौदात पडला. ती झोपलीय." दुसऱ्यांदा, "देवळात गेलीय." तिसऱ्यांदा, "भुजला लग्नाला गेलीय, आज येईल." चौथ्यांदा, "घसा बसलाय तिचा, आवाज फुटत नाही." पाचव्यांदा मी चिडलो. म्हणालो, नुसती फोनजवळ उभी कर, श्वास तरी ऐकू दे. पुरमा म्हणाली, "तुझ्यासाठी कैरीचं लोणचं घालतेय रे, दोन्ही हात भरलेत तिचे." त्यावर मी शांत झालो. मला ते लोणचे आवडते.

त्याच दिवशी मी मुकल्ल्याच्या बाजारात तिच्यासाठी चपला घेतल्या. लाल, वर सोनेरी टाका. दुकानदाराशी मी भाव करत होतो, तेव्हा तिला जाऊन तीन महिने होऊन गेले होते. एक जोडी थोडी सैल वाटली, म्हणून ती ठेवून लहान मागितली. तिचा पाय लहान आहे असे मी त्याला हाताने दाखवले.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. गलबत लागते तेव्हा ज्याच्या घरी काही झालेले नाही त्याची बायकापोरे धक्क्यावर येतात. ज्याच्या घरी झाले आहे त्याच्यासाठी न्हावी येतो. मी दहा वर्षांत हे कितीदा पाहिले होते. तरी रामजी न्हावी माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी हसून म्हणालो, "अरे रामजी, इतकी घाई? दाढी उद्या करू." तो म्हणाला, "दाढी नाही, वालजीभाई. डोकं." माझ्या हातात चपलांची पिशवी होती. मला ती ठेवायला जागा सापडेना, म्हणून डोके भादरेपर्यंत मी ती मांडीवर धरून बसलो.

तेव्हापासून मी पुरमाशी बोललेलो नाही. नगरपालिकेच्या दाखल्यावर 'ताप' लिहिले आहे. किती दिवस होता, कोणी काय केले, ती काय म्हणाली, माझे नाव घेतले का, मी विचारले नाही आणि पुरमाने सांगितले नाही. ती माझ्या घराचा उंबरा चढलेली नाही. नऊ महिने मोंघीला तीच सांभाळते, हे तिचे उपकार आहेत आणि ते मी मानतो. मी आलो की ती मोंघीला गल्लीच्या तोंडाशी सोडते आणि तिथूनच वळते. आमचे सगळे बोलणे मोंघीमार्फत चालते. पुरमा लांबून ओरडते, "सांग तुझ्या बापाला, पोरीच्या केसांत तेल घालायचं असतं, वंगण नव्हे!" मी ऐकतो. तरी मोंघी धावत येऊन सांगते, "बापा, नानी विचारते तू बरा आहेस का." मी म्हणतो, "सांग नानीला, बारा गावचं पाणी प्यालोय, मला शिकवू नकोस." तिकडे जाऊन ही काय सांगते देव जाणे. पुरमा काहीतरी ऐकून मान हलवते. मला याचे हसू यायचे. मंगळवारनंतर येत नाही. पोरगी सहा वर्षांची आहे आणि आम्हा दोघांना रोज सांभाळून घेते आहे.

कलम पाचवे, मुलीचा सांभाळ. मी परत आलो नाही तर मोंघीने कोणाकडे राहावे, यासाठी पटेलांना एक नाव हवे आहे. दोन नावे आहेत. एक माझी मोठी बहीण जिवी. ती सलायाला असते, तिच्या नवऱ्याचे मोटारींचे गॅरेज आहे, घर पक्के आहे, आणि तिच्या घरात कोणी समुद्रावर जात नाही. दुसरे नाव पुरमा. मोंघी पुरमाच्या कुशीत झोपते, तिच्या हातचे ताक पिते, तिच्यासारखीच कमरेवर हात ठेवून भांडते. हे वाचणाऱ्याला वाटेल की यात विचार काय करायचा. पण मी पाच रात्री तोच करतो आहे. जिने मला चार महिने फसवले, ती उद्या माझ्या पोरीलाही सांगेल की बापा झोपलाय, बापा देवळात गेलाय, बापाचे हात भरलेत. आणि ही पोरगी विश्वास ठेवून माझ्यासाठी चपला घेईल.

म्हणून मी एक अट घातली. जो कोणी मोंघीला घेईल त्याने कबूल करावे की माझे काही झाले तर तिला त्याच दिवशी सांगायचे. दुसऱ्या दिवशी नाही, परीक्षेनंतर नाही, मोठी झाल्यावर नाही. ती लहान आहे, मधल्या सुट्टीत खेळते आहे, ताटावर बसली आहे, असे काही बघायचे नाही. आणि तिला शिकवायचे की भाजले तर ओरडायचे.

जिवीला फोन केला. ती म्हणाली, "हो रे हो, सांगू, त्यात काय! तू आधी सुखरूप ये. आणि पोरीला दोन जास्तीचे फ्रॉक दे बरोबर, इथे माझ्या पोरींचे तिला मोठे होतील." दोन मिनिटांत कबूल झाले. जिवी वाईट नाही. पण तिला मी काय विचारले ते तिने ऐकले की नाही हे मला कळले नाही.

काल सकाळी मोंघीला म्हणालो, "नानीला निरोप सांग. मी आलो नाही तर तू सलायाला जिवीआत्याकडे जाणार. का, तर नानी वाईट बातमी सांगत नाही म्हणून. जसं बोललो तसंच सांगायचं. मधे काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही."

तिने विचारले, "सगळं?"

"सगळं."

गेली. बऱ्याच वेळाने आली.

"काय म्हणाली नानी?"

"बरं म्हणाली."

"नुसतं बरं?"

"हो. आणि तुला जेवायला विचारलं."

माधवजी मिस्त्री त्याच वेळी तिकडून आला होता. मोंघी हौदाकडे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "वाला, पोरीनं अक्षर न् अक्षर सांगितलं. मी ओट्यापाशीच होतो. आणि पुरबाई बरंबिरं काही म्हणाली नाही. बाजरी पाखडत होती, ते सूप हातातून सुटलं. बाजरी सांडली, कोंबड्या येऊन टिपायला लागल्या, तरी ती बसली ती बसलीच. हाकललंसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय? तुझी पोरगीच कोंबड्या हाकलत होती."

मला जे हवे होते ते झाले. मला बरे वाटायला हवे होते. मी आत जाऊन मसूर निवडायला बसलो, जे निवडलेलेच होते.

आज दुपारी माधवजी आणि रामजी न्हावी साक्षीला आले. माधवजीने चष्मा लावून सगळे वाचले. परातीच्या जागी थांबून माझ्याकडे पाहिले. पाचव्या कलमात मी नावाची जागा कोरी ठेवली होती. तिथे बोट ठेवून म्हणाला, "हे काय?"

"परवा सकाळी भरतो."

"कोऱ्या जागेवर मी सही करत नाही. फळी न ठोकता गलबत पाण्यात घालशील?"

"तुझं तसंही पाण्यात जात नाही."

"थट्टा पुरे, वाला. नाव लिही. पोरीचा प्रश्न आहे."

रामजी म्हणाला, "जे मनात असेल ते लिहा, वालजीभाई. नंतर बदलता येतं." न्हाव्याला असे बोलायची सवय असते.

मोंघी ओसरीवर बसून पाचव्या गलबताला लाल रंग देत होती. हात उघडा होता, मलम लावलेला. मी तिला विचारावे असे वाटले. पण तिने मला सोसेल तेच उत्तर दिले असते. म्हणून विचारले नाही. मी लिहिले: जिवी करसन खारवा, सलाया, माझी सख्खी बहीण. हात जड झाला असे लिहिणार होतो, पण तसे झाले नाही. नाव लहान आहे, पटकन लिहून झाले. फक्त फार थकवा आला, चौदा पाने वाढून झाल्यावर येतो तसा.

कलम सहावे, राहिलेले. बँकेतले पुस्तक घरच्या पेटीत आहे, जे असेल ते मोंघीचे. लाल चपला कपाटाच्या खालच्या खणात कागदात गुंडाळलेल्या आहेत. त्या टाकू नयेत. त्यांचे काय करायचे ते मला ठाऊक नाही, म्हणून कोणालाच देत नाही. जुसब नाखव्याला माझी विनंती आहे, आणि ती त्याला पटणार नाही: मोंघीला काही झाले तर मला पाण्यावर सांगावे. मी शिडावर चढत नाही, मी फक्त चूल सांभाळतो. मी हादरलो तर फार तर भात करपेल. माझे प्रेत मिळाले तर रीतीप्रमाणे करावे. मिळाले नाही तर धक्क्यावर उगाच वाट पाहायला कोणी बसू नये, आणि मोंघीला तर बसवूच नये.

हे मी माझ्या हाताने लिहिले, वाचले, पुन्हा वाचायचा कंटाळा केला, आणि खाली सही करतो आहे.

वालजी शिवजी खारवा
(सही)

साक्षीदार, आमच्यासमोर वालजीने शुद्धीत सही केली:
१. माधवजी मिस्त्री, गलबताचा सुतार (सही)
२. रामजी न्हावी (सही)

मांडवी, कच्छ. श्रावण शुद्ध त्रयोदशी, शनिवार, १७ ऑगस्ट २०२४, दुपारी साडेतीन.

सह्यांखाली लिहू नये असे अर्जवाला म्हणाला होता. तरी लिहितो, कारण साक्षीदार अजून बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोरच हे झाले.

माधवजी टोपी घालत होता, तो थांबला. "वाला, दाराकडे बघ."

पुरमा आली आहे. गल्लीच्या तोंडाशी नाही, ओसरीवर. चपला बाहेर काढल्या आहेत आणि एक पाय उंबऱ्याच्या आत आहे. चालून दम लागला आहे. मोंघी रंगाचे हात घेऊन आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली, नेहमीसारखी, आणि म्हणाली, "नानी, बापाला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," पुरमा म्हणाली. "मीच सांगते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वालजी, परवा तू पाण्यावर जाशील. आज जमिनीवर आहेस. कंकूचं काय झालं, पहिल्या तापापासून शेवटपर्यंत, ते सांगायला आलेय."

रामजी उठून उभा राहिला. मोठ्यांचे असे काही निघाले की पोरांना बाहेर जायचे असते, म्हणून मोंघीने ब्रश खाली ठेवला आणि विचारले, "मी हौदाकडे जाऊ?"

"नाही," पुरमा म्हणाली. "तूही बस."